जादूची डबी आणि गाडीचे ॲव्हरेज



गळीत हंगाम जवळ आला की गट ऑफिसात तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात, आणि त्याच सुमारास आणखी एक मंडळी गावोगाव फिरू लागतात. कोणी डिझेलच्या नळीवर बसवायचे चुंबक आणतो, कोणी हवेच्या पाइपात घालायचा पत्र्याचा पंखा, कोणी टाकीत ओतायची बाटली, तर कोणी पाण्यापासून गॅस करून इंजिनाला देणारी डबी. पूर्वी हा माल बाजारात किंवा पेट्रोल पंपाच्या आडोशाला विकला जाई. आता त्याची चित्रफीत थेट आपल्या मोबाइलवर येते. बोलणे मात्र तेच. डिझेलमध्ये वीस-तीस टक्के बचत, ओढ वाढणार, धूर बंद, इंजिनाचे आयुष्य दुप्पट !

आता कोणी म्हणेल, ऊस विकास खात्याने बेणे, खत, पाणी यांविषयी लिहावे. इंजिनात डोके कशाला घालावे? त्याचे कारण साधे आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होतो, म्हणजे डिझेलचा धूर शेवटी ऊस उत्पादकाच्याच खिशातून निघतो. शिवाय आपल्यातले पुष्कळ सभासद स्वतःच वाहतूकदार आहेत. ट्रॅक्टर कर्जाऊ, दोन ट्रॉल्या कर्जाऊ, टोळीला दिलेली उचलही कर्जाऊ. अशा माणसाने हंगामाच्या तोंडावर पाच-सात हजारांची डबी घ्यावी की न घ्यावी, हा काही गमतीचा प्रश्न नाही. आणि खरे सांगायचे तर या डब्या तपासण्याची रीत शेतातल्या प्रयोगाचीच आहे. तेवढी आम्हांला येते.

डिझेल जाते कुठे ?

विकणाऱ्याचा मुख्य मुद्दा असा असतो की इंजिनात डिझेल अर्धवट जळते, बरेचसे वाया जाते, आणि आमच्या डबीने ते पूर्ण जळते. ऐकायला पटते, कारण धूर तर आपण रोज पाहतो.

परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. नोझल, पंप आणि हवा ठीक असलेल्या डिझेल इंजिनात शंभर भागांतले सुमारे ९८ भाग डिझेल जळूनच जाते. न जळता किंवा अर्धवट जळून बाहेर पडते ते फार तर दोनेक भाग. काळा धूर डोळ्यांना पुष्कळ दिसतो, पण वजनात ती काजळी अगदी थोडी असते. मग जळलेल्या डिझेलचे होते काय ? त्यातल्या उष्णतेपैकी साधारण ३० ते ४० टक्के चाक फिरवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते, थोडी घर्षणात मुरते. म्हणजे वाया जाते हे खरे. पण ते न जळाल्यामुळे नव्हे, तर जळाल्यानंतर निर्माण झालेली सगळी उष्णता कामात बदलता येत नाही म्हणून. ही मर्यादा उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला आहे. आपल्या कारखान्याच्या बॉयलर-टर्बाइनलाही ती चुकलेली नाही.

एवढे ध्यानात आले की अर्धा निकाल लागला. नीट जळत नाही असे डिझेलच जर दोन टक्के आहे, तर नुसते 'जळण सुधारून' वीस टक्के वाचणार कुठून ? पोत्यात दोन किलो दाणे असतील तर वीस किलो दळण कसे निघेल ?

चुंबक, पंखा आणि बाटली

चुंबकाबद्दल सांगतात की डिझेलच्या कणांचे घोस सुटे होतात. डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. लोखंडासारखे ते चुंबकाला दाद देत नाही. नळीतून जाताना त्यावर जो काही अतिसूक्ष्म परिणाम होत असेल तो पुढे फिल्टर, पंप आणि नोझल यांतून जाईपर्यंत टिकण्याचे कारण नाही. आणि डिझेलचे बारीक कण करण्याचे काम नोझल करतेच. तेथे शेकडो पट हवेच्या दाबाने डिझेल फवारले जाते. त्यापुढे नळीवरच्या चुंबकाची काय मातब्बरी !

हवेच्या पाइपातला पंखा हवेला भोवरा देतो म्हणतात. डिझेल इंजिनाच्या हेडमधली हवेची वाट कंपनीने मुळातच अशी वळवलेली असते की हवा सिलिंडरमध्ये गोल फिरत शिरावी. त्याआधी मध्येच पत्र्याच्या पात्या घातल्या तर वाट अडते, एवढेच होते.

बाटलीचे थोडे निराळे आहे. नोझलवर बसलेली काजळी धुणारी काही रसायने खरी असतात, आणि नोझल घाण झालेले असेल तर त्यांचा थोडा उपयोगही होईल. पण नोझल काढून टेस्टिंगला दिले तर तेच काम खात्रीने होते, आणि फवारा कसा पडतो हे आपल्याला डोळ्यांनी दिसते.

अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि मिश्रणे तपासली. त्यांतली बरीचशी पेट्रोल गाड्यांसाठीची होती. लक्षणीय बचत करणारे त्यांत काही सापडले नाही. थोड्या उपकरणांनी किरकोळ फरक दाखवला आणि काहींनी तर धुरातली घाण वाढवली. पेट्रोल इंजिनाची ही गत, तर डिझेल इंजिन मुळातच भरपूर जादा हवेत जळण करते. तिथे सुधारायला जागा आणखीच कमी.

पाण्यावरची बचत

सध्या सगळ्यांत जास्त विचारणा होते ती पाण्यापासून हायड्रोजन करणाऱ्या डबीची. बॅटरीची वीज पाण्यातून सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, तो हवेच्या पाइपातून इंजिनात जातो. हे रसायन खोटे नाही. शाळेत सायन्सच्या तासाला आपल्या मुलांनी ते पाहिलेले असते. म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. पण हिशेब करून पाहा.

समजा डबी १२ व्होल्टवर २० अँपिअर वीज घेते, म्हणजे २४० वॅट. एका तासात झाली पाव युनिटाच्या आतबाहेर वीज. ही सगळीच्या सगळी वीज गॅसमध्ये बदलली असे धरले, तरी त्या गॅसमध्ये जेवढी उष्णता येईल तेवढी डिझेलच्या केवळ २४ मिलिलीटरमध्ये असते. कपभरसुद्धा नाही. त्याच तासात भरलेला ट्रक आठ-दहा लीटर डिझेल पितो. म्हणजे हजारात दोन-तीन भागांची भर.

बरे, ती वीज तरी फुकट कुठे आहे ? अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन डिझेलवर. डिझेलच्या १०० भाग उष्णतेतून इंजिन ३५ भाग काम काढते. त्याची वीज करताना अल्टरनेटर जवळजवळ निम्मे खातो, पाणी फोडताना आणखी तिसरा हिस्सा जातो. हाती राहतो बारा भागांचा गॅस. तो पुन्हा इंजिनात जाळला की काम मिळते चार भागांचे. पस्तीस देऊन चार घ्यायचे, याला आमच्याकडे बचत म्हणत नाहीत.

यावर विक्रेता म्हणतो, साहेब, गॅस इंधन म्हणून नाही, तो डिझेलला जाळायला मदत करतो. तर पुन्हा वरचा मुद्दा. मदत उरलेल्या दोन टक्क्यांनाच हवी आहे.

पंप वाढवणे

आतापर्यंतच्या वस्तू बहुतांशी निरुपद्रवी, फक्त पैसे जातात. आता जे सांगतो आहोत त्याने खरोखर फरक पडतो, आणि म्हणूनच ते जास्त महाग पडते.

दोन ट्रॉल्या जोडून चढ चढत नाही म्हणून वाहतूकदार मेस्त्रीकडे जातो. मेस्त्री पंपाचे सील तोडतो, स्क्रू फिरवतो, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या दिवसापासून वाघासारखा ओढतो. नव्या गाड्यांना स्क्रू नसतो, तर वायरमध्ये एक छोटी चिप किंवा डबी जोडतात. काम तेच, नोझलमधून जादा डिझेल सोडणे. ताकद वाढते यात शंका नाही. चुकते ते पुढे. हीच सोय 'ॲव्हरेज वाढवणारी' म्हणून विकली जाते.

एक लीटर डिझेल पूर्ण जाळायला कमीत कमी दहा हजार लीटर हवा लागते, आणि धूर न होता जाळायचे तर त्याहून बरीच अधिक. सिलिंडरात हवा किती मावणार हे ठरलेले आहे. डिझेल वाढवले आणि हवा तेवढीच राहिली, तर सुरुवातीला ताकद वाढते, मग काळा धूर वाढतो, आणि ज्या इंजिनात ९८ भाग जळत होते तिथे खरोखरच डिझेल न जळता जाऊ लागते. म्हणजे विक्रेता ज्या रोगावर औषध विकतो तो रोग आपणच विकत घेतो. सायलेन्सरकडे जाणारा गॅस जास्त तापतो, त्याचा मार पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, हेड गॅस्केटवर आणि टर्बो असेल तर त्याच्यावर बसतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि चेंबरमधले ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर ही शंका आधी घ्यावी.

वरून टर्बो बसवून हवा वाढवली तर ? कंपनीने टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन, बेअरिंग, ऑइलची वाट, थंड करण्याची व्यवस्था हे सर्व त्या हिशेबाने असते. साध्या इंजिनाला तो नुसता बोल्टने जोडला तर इंजिन कदाचित सोसेल, पण क्लच, गिअर आणि मागचा क्राउन यांना कोणी विचारले आहे ? आणि ब्रेकला ? ताकद वाढली म्हणून ट्रॉलीत ऊस जास्त पडतो, आणि उतारावर तो सगळा ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात किंवा असून चालत नाहीत. रात्री रस्त्यावर ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टीसुद्धा नसते, हे आम्ही रोज पाहतो. डबीचे पैसे खर्च करायचेच असतील तर आधी त्या पट्टीवर करावेत.

नव्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासूनचे नवे ट्रक भारत स्टेज ६ चे आहेत आणि ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झाले आहेत. यांच्या धुराड्यात गाळणी आणि सेन्सर आहेत, ट्रकमध्ये बहुधा युरियाच्या द्रावणाची टाकी आहे. युरियाचा खर्च वाचवण्यासाठी सेन्सरला फसवणारी डबीही बाजारात मिळते. तिने डिझेलचा थेंब वाचत नाही, धुरातला विषारी भाग मात्र मोकळा सुटतो. कंपनीची वॉरंटी जाते ती वेगळीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मेस्त्रीला नव्हे, मालकाला.

मग पुष्कळांना फरक दिसतो तो कसा ?

"अहो, आमच्या पाहुण्यांनी बसवली, त्यांना फरक पडला," असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांना फरक दिसलेला असतो. तो डबीचा की दुसऱ्या कशाचा, एवढाच प्रश्न आहे.

उसावर फवारायचे टॉनिक आपल्याकडे आले की आम्ही काय करतो ? चार सऱ्यांवर फवारतो, शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवतो, आणि बेणे, लागणीची तारीख, पाणी, खत सगळे सारखे ठेवतो. ज्याने टॉनिकसोबत एक पोते युरियाही टाकला, त्याच्या प्लॉटवरून टॉनिकचा निकाल लावत नाहीत. गाडीत नेमके हेच होते. डबी बसवायला गाडी गॅरेजला गेली की मेस्त्री त्याच वेळी एअर फिल्टर साफ करतो, ऑइल बदलतो, टायरमध्ये हवा भरतो. फरक पडतोच. नाव होते डबीचे.

दुसरे, ड्रायव्हरला कळते की मालक डिझेल मोजतो आहे. तो आपोआप सावकाश चालवतो, यार्डात इंजिन बंद करतो. कधी कधी डिझेलचा 'इतरत्र' जाणारा भागही त्या आठवड्यात जात नाही. तिसरे, टाकी फुल करताना गाडी जराशी उतारावर उभी असेल तर चार-पाच लीटरचा फरक सहज पडतो. चौथे, धुराचे प्रात्यक्षिक. थंड इंजिन सुरू करून धूर दाखवायचा, मग दहा मिनिटे डबी बसवण्यात घालवायची आणि पुन्हा रेस करायची. तोवर इंजिन तापलेले असते, आणि तापलेल्या इंजिनाचा धूर तसाही कमीच.

काट्याची पावती हेच मोजमाप

आपल्या वाहतूकदारांपाशी असे एक साधन आहे जे इतर ट्रकवाल्यांपाशी सहसा नसते. प्रत्येक खेपेची काट्याची पावती. किती टन, कोणत्या फडातून, किती अंतर, सगळे कागदावर. त्याचा उपयोग बिलापुरताच होतो हे वाईट.

एक उदाहरण घेऊ. समजा डबीशिवाय दहा खेपांत १६० टन ऊस आला. अंतर २० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, डिझेल १०० लीटर. ॲव्हरेज ४ आले. डबी बसवल्यावर त्याच फडाच्या दहा खेपांना ९७ लीटर लागले. ॲव्हरेज ४.१२. मालक खूश, तीन टक्के फरक ! आता पावत्या काढा. या दहा खेपांत ऊस आला १५५ टन. टनांना अंतराने गुणून लिटरने भागले तर आधी लिटरमागे ३२ टन-किलोमीटर पडत होते आणि आता ३१.९६. फरक डबीचा नाही, मोळ्या कमी पडल्याचा आहे. हा हिशेब अगदी काटेकोर नव्हे, कारण रिकामी फेरी उसाच्या वजनावर अवलंबून नसते. पण नुसत्या ॲव्हरेजपेक्षा तो पुष्कळ खरा आहे.

ज्यांना एखादी डबी तपासायचीच असेल त्यांनी दहा खेपा डबीसह, दहा डबीशिवाय, पुन्हा दहा डबीसह अशा कराव्यात. फड, रस्ता आणि ड्रायव्हर तेच असावेत. टाकी एकाच पंपावर, एकाच जागी, गळ्यापर्यंत भरावी. डबी चालू आहे की बंद हे ड्रायव्हरला कळू देऊ नये. विक्रेत्याला आधीच सांगावे की निकाल लागल्यावर पैसे. बहुतेक वेळा प्रयोग इथेच संपतो !

ओढ कमी तर डिझेल कमी

इंजिनात वाचवण्यासारखे थोडे आहे, पण इंजिनाबाहेर पुष्कळ आहे. डांबरी सपाट रस्त्यावर एक टन वजन चालते ठेवायला साधारण १० ते १५ किलोची ओढ लागते. मऊ शेतवाटेवर तीच ओढ चार-पाच पट होते आणि ओल्या रानात त्याहून अधिक. शंभराला एक चढ असेल तर प्रत्येक टनामागे आणखी १० किलो. म्हणजे फडापासून रस्त्यापर्यंतचा अर्धा किलोमीटर कित्येकदा पुढच्या दोन-अडीच किलोमीटरइतके डिझेल खातो.

इथे वाहतूकदाराइतकाच ऊस उत्पादकाचा संबंध येतो. तोडणीची चिठ्ठी येण्याच्या बेतात असतानाही कित्येक सभासद वजन वाढावे म्हणून पाणी सोडतात. रान चिबडते, ट्रॅक्टर रुततो, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावा लागतो, खोडव्याची सरी दबून फुटवे मरतात, आणि साखर उतारा घसरतो. तोडणीपूर्वी पंधरा दिवस पाणी तोडावे हे आम्ही उताऱ्यासाठी सांगत आलो आहोत. ते डिझेलसाठीही तेवढेच लागू आहे. पाणंद रस्त्यावरचे खड्डे दोन ट्रॉली मुरमाने भरले तर त्या शिवारातल्या प्रत्येक खेपेचे डिझेल वाचते.

ट्रॉलीचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. अडखळत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. खेप आणल्यावर हबला हात लावावा. चटका बसला तर तिथे डिझेल जळते आहे असे समजावे. टायरची हवा लोखंडी पहार आपटून नव्हे, गेजने पाहावी. एअर क्लीनर हंगामात रोज पाहावा, कारण तासाला सहा लीटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर साठ हजार लीटरहून अधिक हवा ओढतो आणि फडातली हवा म्हणजे पाचटाची धूळ. जादा हवा घेणारा म्हणून विकला जाणारा मोकळ्या जाळीचा फिल्टर आपल्या फडात मुळीच वापरू नये. धूळ आत गेली की रिंग आणि लायनर हंगामातच उतरतात.

यार्डात नंबर येईपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय फार आहे. नुसत्या चालू इंजिनाला तासाला सुमारे एक लीटर जाते, मोठे असेल तर अधिक. सेल्फ आणि बॅटरी दुबळी असल्याने बंद करायची भीती वाटते हे आम्हांला ठाऊक आहे. पण डबीच्या पैशात चांगली बॅटरी येते.

वाऱ्याला आडवी लावायची केबिनवरची पत्र्याची छत्री लांब पल्ल्याच्या ट्रकला उपयोगी पडते, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो ४० च्या चौपट असतो. आपली उसाची गाडी ताशी वीस-तीसने चालते. तिला त्या छत्रीचा उपयोग फक्त सावलीपुरता. रेडियल टायर मात्र ट्रकला काही टक्के बचत खरोखर देतात. जुने टायर बदलायची वेळ आलीच असेल तर त्यांचा विचार करावा.

टन, अंतर आणि लीटर लिहिण्याच्या वहीचा छापील नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. करारासाठी येणाऱ्या वाहतूकदार सभासदांनी तो मागून घ्यावा. हंगामात दर पंधरवड्याला वही पावत्यांसह आणल्यास चिटबॉय हिशेब करून देईल. एखाद्या सभासदाने डबी बसवून तीस खेपांचा हिशेब ठेवला असेल, तर निकाल कसाही असो, तो आम्हांला दाखवावा.